ऊलाँग कोणत्या देशाचा घ्यावा? आधी जोड्या नीट लावा

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका काकांनी वर्षभरात चार ऊलाँग चहा जमवले: चीनचा आनशी तिएग्वानयिन, मुलीने तैवानहून आणलेला अलीशान, ऑनलाइन मागवलेला व्हिएतनामचा ‘मिल्क ऊलाँग’ आणि दार्जिलिंगच्या एका बागेचा. चारही एकाच रीतीने केले. चमचाभर पत्ती, खळखळतं बोअरचं पाणी, पाच मिनिटं, मग गाळणी. तैवानचा आवडला. चीनचा आंबूस लागला. व्हिएतनामच्या पाकिटातून दुधाच्या मिठाईचा वास आला आणि दार्जिलिंगचा त्यांच्या मते ‘साधा काळा चहाच, फक्त महाग’. आता ते विचारतात की ऊलाँगमध्ये कोणता देश पहिला, कोणता दुसरा, आणि पुढचे पैसे कुठे घालावेत.

काका, अशी क्रमवारी मी लावून देणार नाही, कारण ती लावली तर तुमचे पुढचे पैसेही असेच जातील. हिरवा चहा आणि काळा चहा यांच्या मधला सगळा लांबलचक पट्टा ऊलाँगच्या नावावर जमा आहे. तैवानचा बाओझोंग जेमतेम दहा-पंधरा टक्के ऑक्सिडाइज झालेला (म्हणजे हवेशी संयोग होऊन पान लाल-तपकिरी झालेला) असतो आणि त्याच बेटावरचा ‘ओरिएंटल ब्यूटी’ साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत जातो. हे आकडेसुद्धा अंदाजाचे. कारखान्यात कोणी मीटर लावून ते मोजत नाही, चहा करणारा पानाचा वास घेऊन ठरवतो. एकाच देशात एवढं अंतर असेल तर ‘तैवान विरुद्ध दार्जिलिंग’ या तुलनेला काही अर्थ उरत नाही. तुमच्याकडे एक हिरवा, गोळ्यांसारखा वळलेला, एक त्याहून हिरवा आणि आंबटाकडे झुकणारा, एक बहुतेक सुगंध फवारलेला आणि एक काळ्या चहाच्या यंत्रांवर बनलेला, असे चार प्रकार होते. प्रकार सारखा धरून देश बदला, मग देशाचा वाटा जिभेला कळतो. गंगापूर रोडवर मी चहा चाखण्याच्या बैठका घेते, तिथे नेहमी जोड्याच मांडते. त्या जोड्यांबद्दलच पुढे लिहिते.

त्याआधी ऊलाँग बनतो कसा हे थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर दार्जिलिंगचं कोडं सुटणार नाही. काळ्या चहात पानं कोमेजवून यंत्रात पिळतात. पानाच्या पेशी सगळीकडून फुटतात आणि सबंध पान ऑक्सिडाइज होतं. ऊलाँगमध्ये पानं उन्हात थोडी कोमेजवतात, मग बांबूच्या सुपांत किंवा फिरत्या पिंपात हलवतात, थांबतात, पुन्हा हलवतात. हे रात्रभर चालतं. पानांच्या कडा एकमेकींवर घासून दुखावतात आणि तेवढ्याच लाल होतात, मधला भाग हिरवा राहतो. मनासारखा वास आला की पानं तापलेल्या पिंपात घालून ऑक्सिडेशन थांबवतात, मग वळतात, सुकवतात आणि हवा तसा भाजतात. चहा पिऊन झाल्यावर उरलेलं पान बशीत उलगडून बघा. लाल कड आणि हिरवं पोट दिसलं तर हलवण्याचं काम नीट झालेलं आहे. पाकिटावरच्या मजकुरापेक्षा ती कड जास्त सांगते.

खुडणीचाही फरक आहे. भारतातल्या बागांना ‘दोन पानं आणि एक कळी’ हवी असते. शेंड्याची वाढ थांबून कळी झोपली की तिला आपले बागवाले बांझी म्हणतात, आणि बांझी जास्त असलेला खुडा कमी दर्जाचा धरतात. फुजियानमध्ये आणि तैवानच्या डोंगरांवर ऊलाँगसाठी नेमका तोच खुडा लागतो: वाढ थांबलेला शेंडा, त्याखालची उघडलेली, जाडसर तीन-चार पानं. कोवळी कळी सुपात हलवली तर तिचा चेंदामेंदा होतो. पक्व पान तो मार सोसतं, आणि ऊलाँगला फुलांचा वास देणारी द्रव्यं त्यातून छान उतरतात. भारतीय ऊलाँग चिनी ऊलाँगसारखा का लागत नाही, याचं निम्मं उत्तर खुडणाऱ्या बाईच्या बोटांपाशीच मिळतं.

आता तुम्हाला आवडलेला तैवानचा अलीशान घेऊ. त्याची खरी जोडी व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये आहे. तैवानमध्ये 1,000 मीटरच्या वर पिकलेल्या चहाला उंच डोंगरावरचा चहा म्हणतात. अलीशान त्यातला, लीशान त्याहून बराच वर, आणि दायुलिंगच्या बागा तर 2,500 मीटरच्या आसपास पोचतात. तिथली मानाची जात छिंग शिन. तिच्या जोडीला जिन श्वान ही जात, जी तैवानच्या सरकारी चहा संशोधन केंद्राने 1981 मध्ये बारा नंबर म्हणून बाहेर काढली. 1990 च्या दशकात तैवानचे व्यापारी या जातींच्या कलमा, वळण्याची यंत्रं आणि कारागीर घेऊन व्हिएतनामच्या लाम दाँग प्रांतात गेले, बाओ लोक आणि दा लात या भागांत. थायलंडची कथा वेगळी आहे. चीनमधलं यादवी युद्ध हरल्यावर कुओमिंतांग या राष्ट्रवादी पक्षाच्या सैन्याची एक तुकडी ब्रह्मदेशातून पुढे सरकत चिआंग राय प्रांतातल्या दोई मे सालोंगच्या डोंगरावर स्थिरावली. अफूच्या जागी तिथे चहा लावला गेला आणि कलमा तैवानहून आल्या. म्हणजे जात तीच, गोळी वळण्याची पद्धत तीच, बऱ्याचदा शिकवणारेही तेच.

मग फरक उरतो कशात? थॉमसन द्राक्षाची एकच काडी दिंडोरीच्या हलक्या जमिनीत आणि निफाडच्या भारी जमिनीत लावली तर घड सारखा येत नाही, हे माझ्या बैठकांना येणाऱ्या बागायतदारांना समजावून सांगावं लागत नाही. चहात तो फरक मुख्यतः वाढीच्या वेगाचा असतो. लीशानसारख्या उंचीवर रात्री थंड, दुपारनंतर धुकं, वर्षाला जेमतेम दोन-तीन खुडण्या. कमी उन्हात पानातल्या गोडसर थिअॅनीनचं तुरट कॅटेचिनमध्ये रूपांतर कमी होतं, त्यामुळे गोडवा आणि जाडी टिकते, तुरटपणा मागे राहतो. लाम दाँग विषुववृत्ताच्या बरंच जवळ आहे. दा लातची उंची सुमारे 1,500 मीटर असली तरी तिथे झाड वर्षभर वाढत राहतं आणि खुडण्या जास्त होतात. कपात याचा परिणाम असा दिसतो (त्याच पत्तीवर पुन्हा पुन्हा पाणी ओततात, त्या प्रत्येक वेळेला मी ‘पाणी’ म्हणते): पहिल्या पाण्याला चांगला व्हिएतनामी जिन श्वान आणि मधल्या उंचीवरचा तैवानी जिन श्वान यांत भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला व्हिएतनामचा पातळ होतो आणि जिभेच्या कडेला किंचित कोरडेपणा सोडतो. तैवानचा तोवर घशात गोडवा धरून असतो. थायलंडचा या दोघांच्या मधे, थोडा भाज्यांच्या अंगाने जाणारा. रोज पिण्यासाठी आणि शिकण्यासाठी व्हिएतनाम आणि थायलंडचे हे चहा मला मनापासून आवडतात. किंमत निम्मी आणि पहिल्या दोन पाण्यांचा आनंद जवळजवळ तोच.

एक सावधगिरी मात्र इथेच सांगते. तैवान स्वतः जेवढा चहा पिकवतो त्याहून जास्त आयात करतो, आणि त्यातला मोठा वाटा व्हिएतनामचा. तो बहुतेक बाटलीबंद आणि दुकानी पेयांत जातो, पण काही ‘उंच डोंगरावरचा तैवानी’ म्हणूनही विकला जातो. मुलीने विमानतळावरून आणलेलं पाकीट आणि एखाद्या बागेच्या नावाचं, खुडणीचा महिना छापलेलं पाकीट यांच्यावर सारखा भरवसा ठेवू नका. तुमच्या पाकिटावर महिना असेल तर बघा. वसंतातला आणि हिवाळ्यातला खुडा घ्यावा. उन्हाळ्यातला तुरट असतो.

‘मिल्क ऊलाँग’बद्दल फार लिहायला नको. जिन श्वानला मुळातच सायीसारखा मऊ, हलका वास असतो. तो पत्ती भिजल्यावर कळतो आणि कपापाशी नाक न्यावं लागतं. पाकीट फोडताच स्वयंपाकघरभर मिठाईचा वास पसरला असेल तर त्यात कृत्रिम स्वाद घातलेला आहे, देश कुठलाही असो. तुमचं ते पाकीट बाजूला ठेवा आणि त्यावरून व्हिएतनामची परीक्षा करू नका. दुधात वाफवून हा चहा करतात अशी गोष्ट विक्रेते सांगतात. तसं काही नसतं.

तिएग्वानयिनचा आंबूसपणा हा जास्त गमतीचा मुद्दा आहे. आनशी हा दक्षिण फुजियानमधला तालुका. तिएग्वानयिन तिथली जात. पूर्वी हा चहा नीट ऑक्सिडाइज करून कोळशावर भाजलेला असायचा, रंगाने अंबरी, भाजलेल्या धान्याच्या आणि मधाच्या वासाचा. गेल्या तीसेक वर्षांत तैवानच्या हिरव्या ऊलाँगच्या प्रभावाखाली वातानुकूलित खोल्यांत बनवलेला, जवळजवळ न भाजलेला हिरवा तिएग्वानयिन बाजारात पुढे आला. त्यातल्या एका शैलीत पानं पिंपात घालण्याआधी मुद्दाम जास्त तास थांबवतात, त्यामुळे हलका आंबटपणा येतो, आणि त्याचे चाहते तोच शोधत असतात. म्हणजे तुमचा चहा आंबूस होता तो कदाचित करणाऱ्याच्या मनाप्रमाणे होता. पण दुसरीही शक्यता आहे. हा चहा फार नाजूक. पाकीट एप्रिल-मे महिन्यात नाशिकच्या उन्हात एखाद्या गोदामात पडून राहिलं तर फुलाचा वास जातो आणि शिळा आंबटपणा राहतो. ओळखायचं कसं? मुद्दाम आणलेल्या आंबटपणाबरोबर फुलाचा वास शाबूत असतो आणि चहाचं पाणी स्वच्छ हिरवट-पिवळं दिसतं. शिळ्या चहात वास बसलेला आणि पाणी मळकट.

भाजलेला आनशी तिएग्वानयिन मिळाला तर त्याची जोडी तैवानमध्ये, तैपेईच्याच मुझा भागात आहे. आनशीची रोपं तिथे गेली आणि तिथल्या लोकांनी जुनं, जड भाजणं सोडलं नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची: चीनमध्ये तिएग्वानयिन म्हणताना त्या जातीचं झाड अपेक्षित असतं, तर तैवानमध्ये दुसऱ्या जातीची पानं त्या पद्धतीने बनवून त्याच नावाने विकायची रीत आहे. त्यामुळे मुझाचा म्हणून घेताना ‘झाडही तिएग्वानयिनचंच आहे का’ असं विचारा. मला या जोडीत आनशीचा जुन्या पद्धतीचा जास्त भावतो. त्याची शेवटची चव जास्त लांब राहते.

आता असे दोन प्रदेश, ज्यांना जोडीच नाही.

पहिला वूयी. उत्तर फुजियानमधले लाल खडकांचे कडे, मधल्या अरुंद घळी, त्यांत झिरपणारं पाणी आणि घळीत बांधून काढलेली चहाची छोटी वाफ्यांएवढी शेतं. 1999 पासून हा परिसर जागतिक वारशात आहे. इथल्या चहाला खडकांतला चहा म्हणतात. रो ग्वै, श्वै श्यान, तिए लुओ हान या त्याच्या जाती. पान लांबट पिळलेलं असतं, गोळी नसते. खुडा एप्रिलअखेर ते मेमध्ये, पण चहा लगेच प्यायचा नसतो. कोळशाच्या मंद आचेवर फेऱ्या-फेऱ्यांनी, मधे आठवडे थांबून भाजतात आणि वर्षअखेरीकडे तो पिण्याजोगा होतो. चांगल्या रो ग्वैमध्ये दालचिनीची धार, खाली ओल्या दगडाचा गारवा, आणि भाजण्याचा वास पुढे न येता मागे उभा असतो. या भाजण्याची नक्कल जगात कुठे जमलेली मला दिसली नाही. यंत्रं हलवता येतात, पण पिढ्यान्‌पिढ्या कोळशाशेजारी बसून तयार झालेलं नाक हलवता येत नाही. वूयीच्या घळीतला चहा आणि खालच्या सपाटीवरचा चहा यांच्या किमतीत प्रचंड तफावत असते, आणि आपल्याकडे येणारा बहुतेक सपाटीवरचा असतो. तोही नीट भाजलेला असेल तर घेण्यासारखा असतो.

‘दा हाँग पाओ’ या नावाने नाशिकमध्येही पाकिटं दिसू लागली आहेत. कड्यावरची मूळ सहा झाडं आहेत, त्यांची खुडणी 2006 पासून बंद आहे. बाजारातला दा हाँग पाओ म्हणजे बहुधा रो ग्वै, श्वै श्यान वगैरेंचं मिश्रण असतं. मिश्रण असण्यात काही कमीपणा नाही, उत्तम मिश्रण करणं ही मोठी कला आहे. फक्त ‘मूळ झाडाचा’ असं कोणी म्हटलं तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका.

दुसरा प्रदेश ग्वांगडाँगमधला चाओझोऊ, फिनिक्स पर्वत, त्यातलं वूदोंग शिखर. इथले दानत्सोंग चहा एकेका झाडाच्या वासावरून निवडत गेलेल्या वाणांचे. मी लान श्यांगला मध आणि ऑर्किडचा वास. या श्शी श्यांग म्हणून एक आहे, त्याच्या नावात बदकाची विष्ठा येते आणि कपात मात्र जाईजुईच्या जवळचा वास येतो. वासात दानत्सोंगच्या पुढे कोणताच ऊलाँग जात नाही असं माझं मत आहे. पण तुमच्या पाच मिनिटांच्या पद्धतीने केलात तर तो कडू होणारच. याला भरपूर पत्ती, थोडं पाणी आणि दहा-पंधरा सेकंद लागतात. पहिला ऊलाँग म्हणून हा घेऊ नये.

आणि आता दार्जिलिंग, ज्यावर तुम्ही सगळ्यात कठोर झालात. तुमची जीभ चुकलेली नाही. दार्जिलिंगचे कारखाने काळ्या ऑर्थोडॉक्स, म्हणजे पान पिळून केलेल्या, चहासाठी उभे आहेत: कोमेजवण्याचे लांब हौद, पिळणारी रोलिंग टेबलं, ड्रायर. रात्रभर पानं हलवण्याची सोय आणि सवय बऱ्याच ठिकाणी नाही, पिंपात घालून ऑक्सिडेशन थांबवण्याचीही नाही. त्यामुळे काही बागा हलक्या हाताने पिळून, ऑक्सिडेशन लवकर आवरून जे करतात त्याला ऊलाँग म्हणतात. पानात लाल कड शोधा, बहुधा मिळणार नाही, सगळं पान तपकिरी-हिरवं ठिपकेदार दिसेल. गंमत अशी की दार्जिलिंगचा पहिल्या बहराचा, म्हणजे वर्षातल्या पहिल्या खुडणीचा, चहा काळा म्हणून विकला जातो, पण पानं इतकी जास्त कोमेजवलेली असतात की ऑक्सिडेशन पुरतं होतच नाही आणि पान हिरवट राहतं. कपात तो एखाद्या हलक्या ऊलाँगपेक्षाही हिरवा लागू शकतो. नावं आणि पानं यांचा मेळ तिथे असा सैल आहे.

तरीही दार्जिलिंगची एक सुरेख जोडी आहे, आणि ती माझी सगळ्यात आवडती. तैवानच्या शिनचू भागातला ओरिएंटल ब्यूटी घ्या. उन्हाळ्याच्या तोंडाला बागेत हिरवे तुडतुडे येतात आणि कोवळ्या शेंड्यांतला रस शोषतात. नाशिकच्या द्राक्षबागेत तुडतुडे किंवा फुलकिडे दिसले की फवारणीची घाई होते. शिनचूचा शेतकरी मात्र त्यांची वाट बघतो आणि फवारणी टाळतो. दुखावलेलं झाड बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं, त्यांत होट्रिएनॉल हे महत्त्वाचं, आणि त्यातून पिकलेल्या फळाचा, मधाचा वास येतो. दार्जिलिंगच्या मे-जूनमधल्या दुसऱ्या बहराचा नावाजलेला मस्कटेल, म्हणजे मस्कट द्राक्षासारखा, वास याच वाटेने येतो: तिथेही तुडतुडे आणि फुलकिडे शेंड्यांना लागतात आणि तीच द्रव्यं सापडतात. ओरिएंटल ब्यूटीची खुडणीही इतर ऊलाँगसारखी पक्व पानांची नसते, कळीसकट कोवळी असते. म्हणजे हवामानाचा काळ जवळपास तोच, किडा त्याच गोतातला, खुडा सारखा, ऑक्सिडेशन जास्त. इथे दोन देशांची तुलना खरोखर करता येते.

ती केल्यावर मला काय दिसतं? तैवानचा गोल आणि गोड, टोकं घासून गुळगुळीत झालेली, मध पुढे. दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहराच्या ऊलाँगला मस्कट द्राक्षाची धार असते, मागून एक तरतरीत तुरटपणा येतो आणि वास जास्त उंच चढतो. इथल्या वाइनरीत काम करणारी मंडळी बैठकीला आली की ती बहुतेक वेळा दार्जिलिंगकडे झुकतात. माझाही कौल, एव्ही-टू या क्लोनचा (एका निवडक झाडाच्या कलमांतून वाढवलेल्या वाणाचा) चांगला दुसऱ्या बहराचा ऊलाँग असेल तर, दार्जिलिंगला. तुमच्या हातात बहुधा भलत्याच हंगामातला किंवा घाईने केलेला आला. बागेचं नाव, बहर आणि क्लोन पाकिटावर नसेल तर दार्जिलिंगचा ऊलाँग घेऊ नये, महाग पडतो.

दार्जिलिंगच्या शेजारी नेपाळ. इलाम आणि धनकुटाच्या बऱ्याच बागा तुलनेने नव्या, मालकही प्रयोगाला धजावणारे. काहींनी तैवानी आणि जपानी यंत्रं आणून सुपात हलवण्याची पद्धत खरोखर शिकून घेतली आहे. त्यांच्या ऊलाँगमध्ये लाल कड दिसते. हिमालयातला ऊलाँग हवा असेल तर आजघडीला मी आधी नेपाळचा चाखायला देते. निलगिरीचा डिसेंबर ते फेब्रुवारीतला, थंडीच्या दिवसांतला ऊलाँगही दुर्लक्षित राहिला आहे. कुन्नूर-कोटगिरीच्या गार रात्रींत वाढ मंदावते आणि चहात लिंबाच्या फुलाचा मऊ वास येतो. तुरटपणा फार कमी, भाव परवडणारा, आणि भारतातच असल्याने ताजा मिळतो. आसामच्या ऊलाँगमध्ये मला अजून रमता आलेलं नाही. पान मोठं, माल्टचा जोर इतका की ऊलाँगची नजाकत दबते. न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनजवळ तैवानी रोपांवर बनलेला ऊलाँग स्वच्छ आणि निर्दोष असतो, पण त्या किमतीत तैवानचा लीशान घेता येतो.

मधेच एका नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. त्र्यंबक-इगतपुरीला एवढा पाऊस पडतो तर तिथे चहा का होत नाही? पाऊस चार महिने कोसळतो आणि मग पाने-मुळे दोन्ही सुकवणारे कोरडे महिने येतात. चहाला थोडा-थोडा पाऊस वर्षभर लागतो आणि साडेचार ते साडेपाच सामूची आम्लधर्मी जमीनही.

आता तुमच्या स्वयंपाकघराकडे येते, कारण चारही चहांवर तिथे सारखाच अन्याय झाला. बोअरचं पाणी पहिलं बाजूला करा. बेसाल्टमधून आलेलं जड पाणी फुलाचा वास गिळून टाकतं आणि कपावर तवंग धरतं. किटलीच्या तळाला पांढरा थर बसत असेल तर त्या पाण्यात ऊलाँग करू नये. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी एकदा गाळून, क्लोरीनचा वास जाईपर्यंत उघडं ठेवून वापरलं तर छान चालतं. आरओचं पाणी अगदीच कोरं असेल तर चहा सपाट लागतो. त्यात थोडं नळाचं मिसळा. टीडीएस, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण, साठ ते सव्वाशेच्या मधे आलं की मी समाधानी असते. तापमानाची काळजी मात्र कमी करा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंच, इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, आणि भाजलेल्या व गोळीदार ऊलाँगला तेवढं लागतंच. फक्त बाओझोंग, ओरिएंटल ब्यूटी आणि हिमालयातले कोवळे ऊलाँग यांना 85-90 अंश द्या.

तुलनेसाठी तैवानच्या स्पर्धांत वापरतात ती पद्धत उत्तम: 3 ग्रॅम पत्ती, 150 मिली उकळतं पाणी, गोळीदार पत्तीला 6 मिनिटं, लांबट पिळलेल्या पत्तीला 5. ही पद्धत मुद्दाम निष्ठुर आहे, दोष वर आणते. पत्ती चमच्याने मोजू नका. गोळीदार पत्तीचा चमचा लांबट पत्तीच्या चमच्यापेक्षा दुपटीहून जड भरतो, तुमच्या कपांत हाही घोळ होता. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा स्वस्तात मिळतो. दोन एकसारखे पांढरे कप घ्या, भांडी बाजारात मिळतात. आस्वादासाठी मात्र झाकणाची चिनी वाटी, गायवान, घ्या: 100 मिलीला 5-6 ग्रॅम, पहिलं पाणी वीस सेकंद, मग हळूहळू वाढवत सहा-सात पाणी. देशांमधला जो फरक मी तिसऱ्या-चौथ्या पाण्याला म्हटला, तो असाच कळतो. चाखण्याआधी दोन तास मिसळ नको, नाशिककरांना हे जड जातं याची कल्पना आहे. आणि दूध-साखर-आलं यांच्यासाठी आपला दाणेदार सीटीसी चहाच योग्य, ऊलाँगचं त्यात काहीच उरत नाही.

वजन उतरवणारा म्हणून ऊलाँग विकणाऱ्यांपासून दूर राहा. तो जाहिरातीचा मजकूर ज्या पाकिटावर मोठ्या अक्षरात असतो, त्यावर जात आणि खुडणी लिहिलेली मला जवळजवळ कधीच दिसत नाही.

साठवणीबद्दल एवढंच की हिरवे ऊलाँग हवाबंद पाकिटात फ्रिजमध्ये, आणि पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय फोडायचं नाही. भाजलेले कपाटात, पण मसाल्याच्या डब्यांपासून लांब. जून ते सप्टेंबर या दमट महिन्यांत भाजलेला चहा ओल धरतो आणि आंबट होतो. तसं झालं तर ओव्हनमध्ये 80-90 अंशांवर अर्धा तास पसरून ठेवा आणि दोन दिवस बंद डब्यात राहू द्या. बऱ्यापैकी सावरतो.

पुढची खरेदी अशी करा. पहिल्यांदा जिन श्वान, एक तैवानचा आणि एक लाम दाँगचा, दोन्ही स्वादविरहित, पंचवीस-पंचवीस ग्रॅम. शेजारी शेजारी करा, चार पाणी. दुसऱ्यांदा, पावसाळ्यानंतर, ओरिएंटल ब्यूटी आणि दार्जिलिंगचा याच वर्षीचा दुसऱ्या बहराचा ऊलाँग. तोवर दार्जिलिंगचा माल इथे पोचलेला असतो. वूयीचा भाजलेला रो ग्वै थंडीत घ्या, तेव्हा वर्षाचा नवा माल नीट बसलेला असतो. दुकानदाराला जात, खुडणीचा महिना, उंची आणि भाजण्याची पातळी विचारा. चारांपैकी दोन उत्तरं तरी मिळाली पाहिजेत, नाहीतर पुढचं दुकान. आणि उरलेला अलीशान संपवण्याआधी एकदा 3 ग्रॅम तोलून, गाळलेल्या नळाच्या पाण्यात, 6 मिनिटं करून प्या. तो तुम्हाला आवडला होता तेव्हा बोअरच्या पाण्यात निम्मा अडकलेला होता.